आईच्या कपाळावरची मखमल

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात साधारण अर्ध्या कोकणाची लग्नं होती. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही, पण ट्रंकेच्या बाबतीत मी उलट कमीच सांगतोय. लग्नाची पत्रिका आली की आई ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, लग्नाला जाऊन यायची, मठ्ठ्यात पाणी किती होतं यावर दोन दिवस बोलायची आणि मग पत्रिका ट्रंकेत टाकायची. कारण पत्रिकेवर गणपती. गणपती छापलेला कागद कचऱ्यात जात नाही, रद्दीत जात नाही, चुलीत तर नाहीच नाही. त्यामुळे तो ट्रंकेत जायचा आणि तिथेच राहायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे चाललं. ट्रंक सरकवायला दोन माणसं लागायची आणि सरकवताना आतून सनई ऐकू यायची.

मी एकदा म्हटलं, "आई, ही रद्दी काढूया की. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"तेच्यार गणपती आसा," आई म्हणाली. "उद्या त्या गणपतीत भेळ बांधून खातलंस?"

आम्ही राहतो कांजूरमार्गला. वारा फिरला की काल अख्ख्या मुंबईनं काय खाल्लं ते मी तुम्हाला वासावरून सांगू शकतो. सगळं शहर त्याला नको असलेलं आमच्या शेजारच्या डम्पिंगवर आणून ओततं, आणि आमच्या घरातून मात्र एक कागद बाहेर पडत नव्हता.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. घाटकोपरच्या एका शाळेत एकतीस वर्षं. म्हणजे आठवड्याला दोन तास, आणि त्यातला एक तास गणिताच्या बाई मागून घ्यायच्या. उरलेल्या तासात मी पोरांना एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे चित्राकडे बघायचं असेल तर आधी मागे जा. दहा पावलं मागे. नाक लावून बघायला ते काही पोस्टाचं तिकीट नाही. पोरं मागे जायची, भिंतीला आपटायची, हसायची. वर्ग तेवढा मोठा नव्हता.

हे वाक्य माझं नाही. माझ्या दादाचं आहे.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. बाबा कुर्ल्याच्या गिरणीत, आम्ही घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत. मी पाच-सहा वर्षांचा असताना गॅलरीच्या फरशीवर कोळशानं चित्रं काढायचो. हत्ती काढला की तो आमच्या दारापासून सातव्या खोलीपर्यंत जायचा. सोंड एका बिऱ्हाडाच्या दारात आणि शेपूट दुसऱ्याच्या. बायका शिव्या देत त्याच्यावरून पाण्याच्या कळश्या न्यायच्या. दादा कॉलेजातून आला की चप्पल काढून जिन्याच्या सहा पायऱ्या चढायचा, तिथून वळून बघायचा आणि म्हणायचा, "मागचा पाय चुकला. हत्ती लंगडतोय." मी वर जाऊन बघायचो तर हत्ती खरंच लंगडत असायचा. त्या वयात मला वाटायचं, जगात चित्र बघणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या घरात जेवतो.

मग दादाला नोकरी लागली, लग्न झालं, तो बोरिवलीला गेला आणि मोठा साहेब झाला. त्यानंतर मी जे काही काढलं त्याला तो "छान" म्हणायचा. मी त्याच्या हॉलसाठी समुद्र दिला, तो म्हणाला छान. भिंतीवर त्यानं समुद्र उलटा टांगला होता. मी वर्षभरानं सांगितलं, तेव्हाही म्हणाला, "असं का? छान." तीस वर्षं मी त्या माणसाच्या छानवर जगलो. सगळ्या आयुष्यात मला काय हवं होतं विचाराल तर एवढंच, दादानं एकदा जिन्याच्या सहा पायऱ्या चढून वळून बघावं.

आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती. ती गेली. तेराव्याला सगळे जेवून उठल्यावर दादानं ट्रंकेवर हात ठेवला आणि म्हणाला, "हिचं काय ते नीट विसर्जन कर. वर्सोव्याला वगैरे नेऊन. तुला आता रिटायर झाल्यावर काय काम आहे?"

"करतो," मी म्हटलं.

केलं नाही. ट्रंक उघडली आणि बसलो. सगळ्यात खाली पिवळा, तेलकट, हळदीची बोटं लावलेला कागद, वर येत येत गुलाबी, मग सोनेरी अक्षरं, मग रेशमी दोऱ्या, आणि सगळ्यात वर दादाच्या मुलीची पत्रिका. ती पत्रिका नव्हतीच, तो एक पेटारा होता. आत बदाम ठेवायला कप्पे, बाहेरून गडद लाल मखमल. दादानं ती दिली तेव्हा आईनं दोन्ही हातांनी धरली होती आणि विचारलं होतं, "हेच्यात नवरी आसा काय?"

दोन दिवस मी ते रंग बघत होतो. तिसऱ्या दिवशी मला त्याच्यात आई दिसली. म्हणजे कशी? आईचा रंग काही विकतच्या ट्यूबमध्ये मिळत नाही. तो मिळाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त पत्रिकांच्या कागदात, जो जुना होऊन गव्हाळ झाला होता. पांढरे केस मिळाले पत्रिकांच्या आतल्या कोऱ्या समासात. आणि सुरकुत्या तर छापूनच आल्या होत्या. "आपले नम्र" च्या खाली जी बारीक अक्षरातली नावांची रांग असते ना, काका, मामा, आत्या, समस्त अमुक परिवार, त्या ओळी मी सुतासारख्या कापल्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे नेल्या. आईच्या सुरकुत्या नातेवाइकांनीच पाडल्या होत्या, मी फक्त त्यांना जागेवर बसवलं.

कापायच्या आधी मी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती नखानं सोडवून काढला. एकही कातरीखाली येऊ दिला नाही. ते सगळे गणपती बिस्किटांच्या डब्यात भरले. डबा भरला, दुसरा आणला. मला वाटलं, झालं, पाप उरलं नाही. मी चित्रकलेचा मास्तर, एवढा शहाणा, आणि पत्रिकेवर गणपतीच्या खाली आणखी दोन नावं असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गव्हाच्या पिठाची खळ केली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकला, आणि चार फूट बाय पाच फूट प्लायवर सात महिने आई चिकटवत बसलो. बायको म्हणायची, सासूबाई होत्या तेव्हा एवढा वेळ कधी बसला नाहीत त्यांच्याजवळ. मी पुढच्या तुकड्याला खळ लावायचो.

शेवटी कपाळ राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आई म्हटली की कुंकू येतं. रुपयाएवढं, बोटानं मेण लावून वर दाबून भरलेलं, गडद. सगळी ट्रंक उपसली, लाल रंग ढिगानं होता, पण एक टोमॅटोसारखा, एक लिपस्टिकसारखा. तो रंग एकाच ठिकाणी होता. मी दादाच्या मुलीच्या पेटाऱ्यावरची मखमल कापली, गोल केली आणि आईच्या कपाळाच्या मधोमध बसवली. मला अभिमान वाटला. अख्ख्या खानदानात सगळ्यात वरची जागा मी दादाच्या लेकीला दिली होती.

मुलुंडच्या एका हॉलमध्ये उपनगरातल्या निवृत्त कलाशिक्षकांचं प्रदर्शन होतं, चार दिवसांचं. बाकीच्यांनी खंडाळ्याचे घाट आणि कमळं आणली होती. मी आई नेली. टेम्पोतून उतरवताना हमाल म्हणाला, "काका, कोणाच्या लग्नाचा बॅनर आहे?" तिथेच मला कळायला हवं होतं.

लोक आले. मी खुर्ची टाकून बसलो होतो, तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. एकही माणूस मागे गेला नाही. प्रत्येकजण सरळ चालत आला आणि आईच्या गालाला नाक लावून वाचायला लागला. एक गृहस्थ उजव्या भुवईपासून सुरू झाले ते हनुवटीपर्यंत वाचत गेले आणि मला म्हणाले, "हे कुडाळचे, ते आमच्या साडूच्या नात्यातले. ह्यांचं लग्न मोडणार होतं, तुम्हाला माहितीये का?" एक बाई नाकपुडीजवळ थबकल्या आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, हा हॉल बघा. इथली जिलेबी आठवते?" दोघंही मग जिलेबीबद्दल बोलत बाहेर गेले. माझ्या आईच्या नाकपुडीवरून.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी खाली जास्वंदीचं फूल ठेवलं. मी चक्रावलो. शोधलं तर हनुवटीच्या कडेला नखाएवढा एक गणपती माझ्या हातून सुटून राहून गेला होता. चार फूट बाय पाच फुटांचा माणसाचा चेहरा कोणाला दिसला नाही, आणि हा नखाएवढा बरोब्बर दिसला. दुपारपर्यंत तिथे दोन केळी आणि एक अगरबत्ती आली. एक आजोबा तर चपला दाराबाहेर काढून आले. संध्याकाळी मी केळी खाल्ली, कारण प्रदर्शनात चहासुद्धा देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मोठ्या गोल चष्म्याच्या एक बाई आल्या. त्या कुठेतरी कलेवर लिहायच्या. त्यांनी मान तिरकी करून चित्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हे विवाहसंस्थेवरचं फार जळजळीत भाष्य आहे. ही अनाम स्त्री लग्नांच्या ओझ्याखाली अक्षरशः घडली आहे."

"हो," मी म्हटलं. "तेच म्हणायचं होतं."

मी खोटं बोललो. पण त्या बाईंनी निदान तिरकी मान तरी केली होती. आणि ती अनाम स्त्री रात्रीच्या उरलेल्या भाताची सकाळी पेज करून मला वाढायची, हे त्यांना सांगून काय होणार होतं.

चौथ्या दिवशी रविवारी दादा आला. एकटाच. दारातून आत आला, चित्र त्याला लांबूनच दिसलं आणि तो थांबला. मग तो मागे गेला. देवाशपथ सांगतो, तो मागे गेला. दहा पावलं, पार दारापर्यंत, चष्मा पुसला, परत लावला आणि बघत राहिला. वॉचमन म्हणतो दोन मिनिटं. मी म्हणतो तासभर. माझ्या पोटात तो कोळशाचा हत्ती उठून उभा राहिला होता.

"नाक बरोबर आलंय," दादा म्हणाला.

मी खुर्ची सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. 

"डावा डोळा तिचा जरा बारीक होता. तो पण घेतलायस."

"हो."

"आणि मानेवर तो पिवळा कागद, तो चाळीतल्या बाजूच्या खोलीतल्यांच्या मोठ्याच्या लग्नाचा. पत्रिका वाटायला मी गेलो होतो त्यांच्याबरोबर."

इतक्या दिवसांत शेकड्यांनी माणसं येऊन गेली, आणि हा एकटा माणूस लांबून चेहरा बघत होता आणि जवळून कागद ओळखत होता. मला वाटलं आता मेलो तरी चालेल. मेलो असतो तर बरं झालं असतं, कारण दादा तेवढ्यात चालत पुढे आला आणि त्याचं बोट कपाळासमोर हवेत थांबलं.

"हे कुंकू कशाचं आहे?"

मी जन्मभर थापा मारल्या. नेमकी तिथे एक सुचली नाही. उलट छाती फुगवून म्हटलं, "आपल्या पोरीच्या पत्रिकेचं. सगळ्या ट्रंकेत तसला रंग दुसरा नव्हता, दादा. म्हटलं सगळ्यात वरची जागा तिला."

दादानं बोट खाली घेतलं.

"बाबा गेल्यावर बावीस वर्षं आईनं कपाळाला बोट लावलं नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी म्हणायचो, आई, आता कोण बघतंय, निदान टिकली लाव. आणलेली पाकिटं तिनं तशीच तुझ्या वहिनीला दिली. तुझ्या घरात राहत होती ना ती? तुझ्या डोळ्यांसमोर? तुला दिसली नाही?"

"दादा, मला आई म्हटलं की ती लहानपणची..."

"लहानपणच्या आईला सुरकुत्या नव्हत्या. सुरकुत्या म्हातारीच्या घेतल्यास आणि कुंकू तरुण बाईचं. असा चेहरा कधी नव्हताच. आणि त्या विधवेच्या कपाळाला तू माझ्या पोरीचं लग्न कापून लावलंस."

गोल चष्म्याच्या बाई नेमक्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "किती वेगळं वाचन आहे हे."

दादानं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि चालता झाला. माझ्या चित्राचं त्याच्याइतकं नेमकं वाचन कोणीही केलेलं नाही, अजूनपर्यंत नाही. त्यानं एक एक कागद ओळखला, चूक कुठे आहे ते दाखवलं आणि त्याला ते चित्र असह्य झालं. हत्ती लंगडतोय म्हणायचा तेव्हा निदान हसायचा तरी.

दीड महिन्यानं वहिनींचा फोन आला. पुतणीचं लग्न मोडलं. दोघं वेगळे होणार होते. वहिनी आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? कातर चालवताना हात कसा धजला तुमचा?"

"वहिनी, कागद कापल्यानं लग्न मोडत नाही."

"नसेल मोडत. पण तुम्ही कापलात आणि मोडलं."

 एकदा तुम्ही चित्रात काहीतरी बघितलंत की ते दुसऱ्याला पुसता येत नाही. मी पोरांना हेच शिकवत आलो होतो.

त्यानंतर मी बोरिवलीला दोनदा गेलो. एकदा दादा झोपला होता, एकदा तो फिरायला गेला होता आणि त्याच्या चपला दारातच होत्या. गणपतीला दरवर्षी आम्ही त्याच्याकडे जायचो. ह्या वर्षी आमंत्रण आलं नाही. नातेवाइकांत बातमी पसरली ती अशी, की धाकट्यानं पुतणीच्या पत्रिकेचे तुकडे केले. नंतर नंतर तर मी ते स्मशानात बसून केले असंही झालं. वाढवून सांगण्याचा मक्ता फक्त माझा नाही, हे मला तेव्हा कळलं.

वहिनींनी निरोप पाठवला, निदान ते कुंकू तरी काढून टाका. मी म्हटलं काढणार नाही. काढलं की मी कबूल केल्यासारखं झालं. चित्र घरी भिंतीला टेकून उभं होतं आणि मीही त्याच्यासमोर हटून बसलो होतो.

मग एका शनिवारी दुपारी पुतणी आली. अंधेरीला ऑफिसजवळ खोली घेऊन राहायची. नवरा कामासाठी परदेशात असतो असं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, दाखव तरी. ज्याच्यावरून एवढं रामायण झालं ते मी बघितलंच नाही."

आमच्या घरात ते चित्र नीट बघायचं तर स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या ओट्याला पाठ लावून उभं राहावं लागतं. मी तिला सांगायच्या आधीच ती मागे मागे जात ओट्याला टेकली. बापावर गेली होती. बराच वेळ बघितलं.

"आजी हसतेय," ती म्हणाली.

हे कोणीच म्हणालं नव्हतं. दादासुद्धा नाही. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

"मी कुठाय?"

"कपाळावर."

ती हसायला लागली. इतकी हसली की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मग ओट्यावरचा फडका घेऊन तिनं डोळे पुसले.

"काका, तू कातर चालवलीस त्याच्या वर्षभर आधीच माझं सगळं संपलेलं होतं. तो परदेशात वगैरे काही नाही. ठाण्याला असतो. मी खोटं सांगत होते."

मी खाली बसलो.

"कोणालाच माहीत नव्हतं?"

"आजीला होतं. ह्याच घरात दुपारी तू झोपलास की मी तिला फोन करायचे. सगळं सांगितलं होतं."

"मग? काय म्हणाली आई?"

"म्हणाली, जेवलंस काय?"

माझ्या घरात, माझ्या उशाशी, आईच्या कानात ही गोष्ट कित्येक महिने होती, आणि मी तिच्या सुरकुत्या मोजायचा आव आणत होतो. दादा बरोबर बोलला होता. मला दिसली नव्हती.

"मग आता बाबाला सांग ना," मी म्हटलं. "सांग की पत्रिका कापायच्या आधीच मोडलं होतं. मला सोडव ह्याच्यातून."

पुतणीनं फडका घडी घालून परत ओट्यावर ठेवला.

"सांगितलं तर ते विचारणार, वर्षभर आमच्या तोंडावर खोटं का बोललीस. लोक विचारणार, मुलीनं काय केलं. आता कोणी विचारलं की ते म्हणतात, माझ्या भावानं पत्रिका कापली. एवढं बोलले की त्यांची मान खाली जात नाही. आणि काका, तुझ्यावर चिडलेले असतात ना, तेव्हा माझ्याशी नीट बोलतात. परवा जेवताना स्वतःहून माझ्या ताटात सुरमईची तुकडी वाढली. लग्नाआधीसुद्धा कधी वाढली नव्हती."

"आणि मी?"

"तू तसाही थापा मारतोस असंच सगळे म्हणतात. तुझ्यावर एक जास्त."

तिनं हे वाईट मनानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. जाताना वाकून नमस्कार केला. मला नाही, चित्राला.

मी फार मोठ्या मनाचा आहे असं कोणी समजू नये. त्या आठवड्यात मी तीन वेळा दादाचा नंबर लावला. दोनदा रिंग जायच्या आधी कापला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला आणि नुसतं "बोल" म्हणाला. मला सगळं सांगायचं होतं. आधीच मोडलं होतं, दादा, आईला माहीत होतं, माझा काही दोष नाही. आणि ती सुरमईची तुकडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. शिवाय मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ही तुझी आणखी एक थाप. एकसष्ट वर्षांत मी माझ्या शब्दाची एवढी किंमत करून ठेवली होती.

"कुंकू काढतो," मी म्हटलं.

"काढ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खळ मी फार चांगली केली होती, त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला. ओला फडका तासभर ठेवला तरी मखमल सुटेना. शेवटी स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं घेतलं आणि खरवडलं. मखमल निघाली ती खालचे दोन-तीन थर घेऊन निघाली. सगळ्या गव्हाळ कपाळात प्लायचा एक फिकट, ओरखडलेला गोल राहिला. मी ओट्याला पाठ लावून बघितलं. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी आईचं कुंकू पुसलं तेव्हा तिथे असाच फिकट गोल निघाला होता. पन्नास वर्षं ऊन न लागलेला. तो पुढे कितीतरी दिवस तसाच होता आणि आई पदर पुढे ओढून बसायची. मी ते विसरलो होतो, की बघायचंच नव्हतं म्हणून बघितलं नव्हतं, सांगता येत नाही.

मी फोटो काढला आणि दादाला पाठवला. निळ्या खुणा लगेच झाल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं, तीन शब्दांचं.

"आता आई दिसते."

बस. पुढे काही नाही. ये नाही, येतो नाही. गोल चष्म्याच्या बाईंना कुठून तरी कळलं आणि त्या घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, ह्या रिकाम्या जागेनं चित्र कुठल्या कुठे नेलंय, आपण हे पुन्हा लावूया. मी लावू दिलं नाही. ते आता बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून आहे. आम्ही त्याच्या पाठीवर टॉवेल वाळत घालतो.

खरवडलेली मखमल एका वाटीत जमा झाली होती, सुकून तिचा सुपारीएवढा गोळा झाला. तिच्यावर गणपती नाही, नाव नाही, काही नाही. कचऱ्यात टाकायला कोणाची हरकत नाही, आणि डम्पिंग तर आमच्या खिडकीतून दिसतं. वर्सोव्याला अजून गेलो नाही. ते दोन्ही बिस्किटांचे डबे कपाटावर तसेच आहेत. गोळा मी वरच्या डब्यात टाकला, गणपतींच्या अंगावर, आणि झाकण दाबून बसवलं.